गटाचे वर्ष ३१ मार्चला संपत नाही: शाखाधिकारी व तालुका अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
तालुक्यातील सर्व बँकांचे शाखाधिकारी, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी आणि उमेद (राज्य ग्रामीण जीवनोन्नती) अभियानाच्या तालुका कक्षातील सर्व अधिकारी-कर्मचारी यांस

स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांत महिला बचत गटांची दफ्तरे लिहिणाऱ्या, सभा घेणाऱ्या आणि कर्जाच्या फाइली घेऊन शाखेत येणाऱ्या सचिव, लेखापाल व सीआरपींचे (गावात गटांना मदत करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्तींचे) हे पत्र आहे. मागणी एकच आहे. शेती-मजुरीवर चालणाऱ्या गटाला कर्ज मार्चअखेरीस देऊ नका, मे महिन्यात द्या. आणि परतफेड अशी बांधा की पीक-मजुरीचा पैसा ज्या महिन्यांत हाती येतो त्या महिन्यांत ती जास्त होईल. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. आजच्या नियमांत हे बसते.

आज होते असे. तालुक्याचे कर्जवाटपाचे उद्दिष्ट ३१ मार्चला पुरे करायचे असते. फेब्रुवारीत फाइली निघतात, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिवे लागेपर्यंत सह्या-अंगठे चालतात आणि गटाच्या खात्यात रक्कम पडते. समजा १२ जणींचा गट आहे, कर्ज दीड लाख, व्याज ७ टक्के, मुदत ३६ महिने. हप्ता येतो सुमारे ४,६३० रुपये. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत शेतात काम नाही, मजुरी नाही, पेरणीला अजून वेळ आहे. मग हे दोन हप्ते, म्हणजे ९,२६० रुपये, कर्जाच्याच रकमेतून बँकेला परत जातात. उरलेल्यातले काही लग्नसराईत खर्च होतात, काही उधारी फेडण्यात. पेरणीच्या तोंडावर बाईच्या हातात काहीच नसते आणि ती खासगी फायनान्सच्या साप्ताहिक हप्त्याच्या कर्जाला अंगठा देते. एकाच घरावर दोन कर्जे चढतात ती इथे. पुढे हप्ता थकला की शाखेत शेरा पडतो, ‘गटाला शिस्त नाही’. शिस्त होती, पैसा चुकीच्या महिन्यात आला.

गटाचे वर्ष खरे तर मृगाच्या आसपास सुरू होते. जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत बियाणे, खत, पाळी-पेरणीचे ट्रॅक्टरभाडे आणि मुलांची वह्या-पुस्तके हे सगळे एकदम येते. सोयाबीनला एकरी ३० किलो बियाणे आणि खताची किमान एक बॅग धरा. हा खर्च पुढे ढकलता येत नाही. पाऊस पडून वाफसा आला की चार-सहा दिवसांत पेरावे लागते. जुलै-ऑगस्टात खुरपणीची मजुरी मिळते, त्यामुळे बचत नियमित येते, पण मोठा हप्ता त्यातून निघत नाही. पंचमी, पोळा, गौरी-गणपती याच दिवसांत येतात. भाद्रपद हा वर्षातला सर्वांत तंगीचा महिना: खुरपणी संपलेली, मूग-उडीद असला तर थोडा पैसा, सोयाबीन अजून उभे. दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीनची काढणी-मळणी होते, दिवाळीपर्यंत बरेचसे विकले जाते. मग कापसाची वेचणी, जानेवारीत तूर. ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने परतफेडीचे. या चार महिन्यांत गट वर्षाच्या हप्त्यांपैकी निम्म्याहून जास्त भरू शकतो, फक्त भरण्याची सोय तशी हवी.

ती सोय कॅश क्रेडिट खात्यात, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे उचलायच्या आणि भरायच्या कर्जखात्यात आहे. रिझर्व्ह बँकेच्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाविषयीच्या परिपत्रकात गटांना मुदत कर्ज किंवा कॅश क्रेडिट, दोन्ही मार्ग दिले आहेत. कॅश क्रेडिटमध्ये पहिल्या वर्षी गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांतली मोठी रक्कम उचलता येते. दुसऱ्या वर्षी आठपट किंवा किमान तीन लाख. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागते. आणि वेळेवर परतफेडीची व्याजसवलत मिळण्यासाठीच्या अटी अशा: येणे बाकी मर्यादेपेक्षा सलग ३० दिवसांहून जास्त काळ वर राहू नये, दर महिन्याला गटाने स्वतः किमान एकदा भरणा करावा आणि त्या महिन्याला लागलेले व्याज त्या भरण्यात निघावे. म्हणजे दीड लाख उचललेल्या गटाने भाद्रपदात ८७५ रुपये व्याज भरले, तरी खाते नियमित राहते. बारा जणींत वाटले तर प्रत्येकी ७३ रुपये. सोयाबीन विकले की तोच गट एकदम ३०-४० हजार भरेल आणि पुढच्या जूनला मर्यादेतून पुन्हा उचलेल.

प्रत्यक्षात अनेक शाखांत कॅश क्रेडिट उघडूनही गटाला ‘दरमहा ५,००० भरा’ असा ठरीव आकडा सांगितला जातो. खाते कॅश क्रेडिटचे आणि वागणूक मुदत कर्जाची, असे झाले की त्या खात्याचा काही उपयोग उरत नाही. शाखेतल्या नव्या कर्मचाऱ्याला हा फरक सांगितलेला नसतो आणि गटालाही माहीत नसतो. कृपया कर्जमंजुरीच्या पत्रावरच मराठीत दोन ओळी लिहून द्या: उचल मर्यादा किती, आणि दरमहा किमान किती भरायचे. मुदत कर्जच द्यायचे असेल तर त्याच परिपत्रकात मासिक किंवा तिमाही हप्त्याची मुभा आहे. पहिल्या कर्जाची मुदत २४ ते ३६ महिने आहे, तर ३६ द्या. दीड लाखाला २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ६,७१६ येतो, तो कोरडवाहू गटाला झेपत नाही. मुदत कर्जात हप्ता देय तारखेपासून ३० दिवसांपलीकडे गेला की सवलत हातची जाते, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता बांधणे बँकेच्याही हिताचे आहे.

दोन गोष्टी यासोबत सांगायला हव्यात, कारण त्यांवरून फाइली अडतात. पहिली, गट सहा महिने चालू असला पाहिजे ही अट गटाच्या दफ्तराप्रमाणे मोजायची आहे, बँकेत खाते उघडल्याच्या तारखेपासून नाही. दुसरी, दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा नाही आणि मुदत ठेवीचा आग्रह धरता येत नाही. ‘निम्मी रक्कम ठेव म्हणून ठेवा’ असे सांगितले की गट ती ठेवतो, कारण नाही म्हणायची हिंमत होत नाही. आणि बाई जी रक्कम वापरतच नाही तिचेही व्याज भरते.

आता वाटपाविषयी. दीड लाख आले आणि बारा जणींत १२,५०० प्रमाणे समान वाटले, हे गटातले सर्वांत जुने दुखणे आहे. सह्या सगळ्यांच्या, मग पैसा सगळ्यांना सारखा, असा त्यामागचा विचार. पण शिलाई मशीन, पिको-फॉल आणि सुरुवातीचे कापड घेणारीला १२,५०० पुरत नाहीत, आणि जिला गरज नव्हती तिच्या वाट्याची रक्कम घरातला पुरुष नेतो. सूक्ष्म पतआराखडा, म्हणजे कुणाला कशासाठी किती कर्ज हवे याचा गटाने केलेला आराखडा, यासाठीच असतो. तो नीट करायला सलग दोन सभा लागतात. पहिल्या सभेत प्रत्येकीचे घर, शेत, जनावरे, आजवरची देणी आणि कुठल्या महिन्यात पैसा येतो हे विचारून तक्ता भरायचा. खासगी फायनान्सचे कर्ज याच सभेत उघड होते. पण फक्त बायकाच असतील तर. पुरुष कर्मचारी समोर बसलेला असेल तर होत नाही. दुसऱ्या सभेत मागण्यांना क्रम लावायचा: कुणाला आधी, कुणाला किती, कुणाला या वेळी नको. मार्चच्या घाईत हा आराखडा एका बैठकीत, कधी कधी गटाच्या मागे, तालुक्याच्या गावी भरला जातो. मग बाराव्या ओळीपर्यंत ‘शेळीपालन १२,५००’ असेच दिसते.

शेळीचाच विषय निघाला म्हणून. शेळीसाठी मार्चमध्ये कर्ज देणे म्हणजे चारा नसताना जनावर आणायला लावणे. एप्रिल-मेच्या उन्हात नव्या ठिकाणी आणलेली शेळी खंगते, आणि पाऊस सुरू होण्याआधी आंत्रविषाराची लस राहून गेली तर पहिल्याच हिरव्या चाऱ्यावर मरते. ऑगस्ट-सप्टेंबरात आणलेल्या करडाला बांधावरचे गवत मिळते, दिवाळीनंतर सोयाबीन-तुरीचे गुळी-भुसकट मिळते. बोकड विकायचा तर बकरी ईदला भाव मिळतो. ती दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. ज्या गटात शेळीवाल्या जास्त, त्याच्या परतफेडीचा मोठा महिना ईदनंतरचा धरावा लागेल, दिवाळीनंतरचा नव्हे. पापड-शेवया-चटण्या करणाऱ्यांचे गणित आणखी वेगळे. वाळवण उन्हाळ्यातच होते, त्यांना उडीद डाळ आणि मिरचीसाठी पैसा मार्चअखेर ते एप्रिलमध्येच लागतो. त्यांच्यासाठी मार्चचे कर्ज योग्य आहे. सगळ्या गटांना एकच महिना लावू नका, एवढेच आमचे म्हणणे.

दफ्तराबद्दल सविस्तर लिहितो, कारण कर्जासाठी गटाची प्रतवारी त्यावरून होते आणि ती अनेकदा उलटी होते.

खऱ्या सभेचा क्रम असा असतो. हजेरी, मागच्या सभेचे वाचन, मग बचत. प्रत्येक जण रक्कम सतरंजीवर ठेवते, एक जण मोठ्याने मोजते, सचिव रोखवहीत आणि त्याच क्षणी सभासदाच्या पासबुकात लिहिते. त्यानंतर परतफेड, आधी व्याज, मग मुद्दल. मग नवी कर्जमागणी, चर्चा, ठराव. शेवटी शिल्लक. एका सभेचे आकडे पाहा: आधीची शिल्लक ३२०, बारा जणींची बचत २,४००, मुद्दल परत ३,०००, व्याज ४६०, उशिराचा दंड २०. एकूण ६,२००. कर्ज दिले ५,०००, वही-पेनाला ४०. हातात १,१६० राहिले पाहिजेत, आणि ते सगळ्यांसमोर पुन्हा मोजले पाहिजेत. व्याज ४६० का, तर २३,००० येणे होते आणि दर शेकडा २ रुपये. हा ताळा कुणीही दोन मिनिटांत करू शकते.

बनावट दफ्तरात नेमका हाच ताळा लागत नाही. येणे बाकी बदलते पण व्याज दर महिन्याला तेच असते. वर्षभर एकही बाई गैरहजर नसते, ऊसतोडीच्या महिन्यांतसुद्धा. सभेची तारीख लक्ष्मीपूजनाची असते. सगळ्या पानांवर एकच शाई, एकच हस्ताक्षर, आणि अंगठ्यांचे ठसे एकाच दाबाचे, कारण ते एका दुपारी घेतलेले असतात. ठराव सगळे ‘सर्वानुमते मंजूर’. उलट खऱ्या वहीत खाडाखोड असते, गैरहजरी असते, दंड असतो, ‘अमुक यांची मागणी पुढील सभेवर ठेवली’ असे असते. दोन महिन्यांसाठी अक्षर बदललेले असते कारण सचिव बाळंतपणाला गेलेली असते. तपासणीत स्वच्छ वहीला चांगले गुण मिळतात आणि खऱ्या वहीला ‘दफ्तर अद्ययावत नाही’ असा शेरा. मग पुढच्या वर्षी खरा गटही मार्चमध्ये वही पुन्हा उतरवून काढतो. अशाने गट खोटे लिहायला शिकतात. लोकओएस या गटांच्या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये माहिती भरतानाही हीच काळजी हवी: ज्या महिन्यात सभा झाली नाही तिथे ‘झाली नाही’ असे भरणाऱ्या सीआरपीला जाब विचारू नका, का झाली नाही ते विचारा.

ऊसतोडीला जाणाऱ्या सभासदांमुळे गट बुडतात असे म्हटले जाते. बुडतात ते नियम ठरलेला नसतो म्हणून. कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या घराला मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) मिळते ती निघण्याआधी. त्या वेळी पैसा असतो. दसऱ्याच्या आधीच्या सभेत अशा सभासदांकडून पुढच्या सहा महिन्यांची बचत आगाऊ घ्यावी, दरमहा २०० असेल तर १,२००, आणि ती वहीत ‘आगाऊ बचत’ म्हणून वेगळी लिहावी. कर्ज असेल तर त्या सहा महिन्यांत फक्त व्याज, आणि गुढीपाडव्यानंतर परत आल्यावर मुद्दल, असा ठराव आधीच करून ठेवावा. मधल्या काळात पैसे पाठवायचे तर ते कोषाध्यक्षाच्या स्वतःच्या खात्यावर नकोत. तिच्या घरखर्चात मिसळतात आणि तिच्या मनात नसतानाही हिशेब बिघडतो. गटाच्या खात्यावर थेट भरणा करता येईल अशी सोय किती शाखांनी दिली आहे, ते एकदा पाहावे. बीसी सखी (गावात बँकेचे व्यवहार करणारी प्रतिनिधी) गावात असेल तर तिच्याकडे भरून पावती वहीत चिकटवता येते. सहा महिने अर्धा गट बाहेर असलेल्या गावात उरलेल्या सभासदांच्या सभेला गणपूर्तीचा नियमही ठरावाने शिथिल करून ठेवावा लागतो, नाहीतर जानेवारीत एकही निर्णय वैध ठरत नाही.

पदाधिकारी बदलाची कागदपत्रे ही दुसरी अडचण. ठराव, जुन्या-नव्या सह्या, फोटो, आधार, पॅन नसेल तर फॉर्म ६० हे सगळे दिले तरी खाते दोन-तीन महिने अडकते, आणि तोवर सभासदांचा पैसा काढता येत नाही. बदल पोळ्याच्या आसपास करा असे आम्ही गटांना सांगतो: बायका गावात असतात आणि शाखेतही गर्दी कमी. पण शाखेनेही हे लक्षात घ्यावे की बचत खात्यासाठी सर्व सभासदांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. सर्वांची घ्यायची ती कर्ज देताना. बारा जणींना मजुरी बुडवून तीस किलोमीटरवर बोलावण्याची गरज नसते.

दिवाळीत बचत वाटून घेण्याची मागणी जवळजवळ प्रत्येक गटात होते. ती थांबवायची तर आकडा सांगावा लागतो: वर्षाची बचत २८,८०० वाटली की आठपटीच्या हिशेबात २,३०,४०० रुपयांची पात्रता उतरते. हे कळले की बहुतेक गट फक्त व्याजाचा काही भाग वाटून मुद्दल राखतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाणही गटाच्या निधीतून नको, प्रत्येकी २०-३० रुपयांची वेगळी वर्गणी काढावी. मे महिन्याच्या सभेत एक काम न चुकता करावे लागते: जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० असे ४५६ रुपये प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात शिल्लक आहेत का ते पाहणे. ३१ मेपर्यंत कपात झाली नाही तर १ जूनपासून विमा नाही, आणि हे बाईला घरात मयत झाल्यावरच कळते. लाडकी बहीण योजनेच्या १,५०० रुपयांवर हप्ता बांधू नका, ते ठरलेल्या तारखेला येतातच असे नाही.

गटविकास अधिकाऱ्यांना एक विनंती. कार्यक्रमांना प्रत्येक गटातून पाच महिला पाठवा असा निरोप खुरपणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत येतो. त्या दिवसाची मजुरी जाते आणि त्या महिन्याची बचतही चुकते. मेळावे, प्रशिक्षणे, तपासण्या शक्यतो जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलमध्ये घ्या. बायकांना तालुक्याला बोलावण्यापेक्षा ग्रामसभेआधीच्या महिला सभेला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) वेळेवर हजर राहतील एवढे पाहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत तिची नोंद होते, सभा होत नाही. समाजमंदिराची किल्ली, सार्वजनिक विहिरीजवळची मोकळी जागा, रोजगार हमीची (रोहयो) कामे कधी सुरू करायची हे विषय तिथेच ठरायचे असतात. रोहयोचे काम एप्रिल-मेमध्ये चालू राहिले तर गटाचा हप्ता आपोआप भरला जातो.

आमच्या बाजूने आम्ही असे करू. मार्चच्या दोन सभांत आराखडे, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात वर्षाचा ताळेबंद आणि अंतर्गत लेखापरीक्षण, २० एप्रिलपर्यंत पूर्ण फाइल शाखेत. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर बारा महिन्यांचा तक्ता असेल: कोणत्या महिन्यात गटाला किती लागते, कोणत्या महिन्यात किती भरता येते. शाखेने एप्रिल-मेमध्ये आठवड्यातला एक ठरावीक दिवस गटांच्या फाइलींसाठी राखावा, बँक सखीला (शाखेत गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीला) त्या दिवशी टेबल द्यावे, त्रुटी असेल तर ती तोंडी न सांगता फाइलीवर लिहून द्यावी, आणि २५ मेपर्यंत रक्कम खात्यात यावी. तालुक्याच्या उद्दिष्टात ही कर्जे नव्या वर्षाची मोजली जातील. त्याने पहिल्या वर्षी मार्चचा आकडा कमी दिसेल, हे आम्हाला माहीत आहे. त्याचा खुलासा जिल्ह्याला करण्यासाठी ग्रामसंघांचे (गावातल्या गटांच्या संघांचे) ठराव लागत असतील तर ते आम्ही देऊ. तालुकास्तरीय बँकर्स समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि बैठकीची तारीख प्रभाग संघांना (ग्रामसंघांच्या वरच्या संघांना) आठ दिवस आधी कळवावी.

कळावे,
आपल्या तालुक्यांतील महिला बचत गटांच्या सचिव, ग्रामसंघांच्या लेखापाल व सीआरपी